मुरलेली हाक

गाड्यांची साक्ष घ्यायला सुरुवात होऊन दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे तालुक्याच्या मालकी पडताळणी केंद्राबाहेरच्या रांगेचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. टेम्पो, जीप, दुधाच्या गाड्या, एखादा पाण्याचा टँकर असं सगळं एकामागे एक उभं असे. एकेक गाडी शेडमध्ये घेतली जाई, तिच्या छताला आतून एक चपटं यंत्र चिकटवलं जाई, आणि चार तासांनी गाडी आपला मालक कोण ते सांगून बाहेर येई. रांगेतल्या लोकांची तक्रार असलीच तर ती उन्हाची आणि चहावाल्याच्या उशिराची असे.

त्या दिवशी रांगेत सहावी होती ईश्वरी गळवेची फिरती गिरणी. पुढे दोन माणसांची केबिन, मागे चक्की आणि दोहोंच्या मधे हातभर रुंदीची खिडकी. आटपाडी, दिघंची, खरसुंडी, निंबवडे, जिथला बाजार असेल तिथे ती गाडी घेऊन जायची आणि दिवसभर लोकांची ज्वारी-बाजरी दळून द्यायची. वय पंचेचाळीस. जन्म दोन हजार चोविसातला, म्हणजे आयांनी टीव्हीवरची नावं उचलायच्या काळातला. तिच्या वर्गात तीन ईश्वरी होत्या. नावं नवी आली होती, बाकी बरंचसं जुनंच चालू होतं.

दुपारी खिडकीतल्या कारकुनाने तिला हाक मारली. निकाल आला होता. त्याने पडद्याकडे बघत विचारलं, "मालक कुठं असतात?"

"मालक विजापूरकडं असत्यात," ईश्वरी म्हणाली. "सात वर्सं झाली."

"मग त्यांना बोलवा. गाडी त्यांच्या नावावर होणार. तसा निरोप केंद्राकडून जाईलच."

"त्यांच्या नावावर कशी? गाडी माझी हाय."

कारकुनाने मान वर केली. माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून पाच जणांशी वाद घालून दमला होता. तो म्हणाला, "बाई, आत्ताच तुम्ही म्हणालात की मालक विजापूरला असतात. गाडीपण तेच म्हणतेय."

ईश्वरीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्याने गाडीच्या मालकाबद्दल विचारलं होतं आणि तिने नवऱ्याबद्दल सांगितलं होतं. तिच्या आईच्या, सासूच्या, शेजारणींच्या तोंडी नवरा म्हणजे मालकच. 'आमचं मालक जेवल्यात', 'मालक बाजारला गेल्यात'. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग काहीतरी म्हणायला तर हवं. तिने कारकुनाला हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हरकतीचा अर्ज पुढे सरकवला.

आता ही वेळ का आली, ते सांगायला हवं. कागद तर पंचवीस वर्षांपूर्वीच बंद झाले होते. जमीन, घर, गाडी, सगळ्याची नोंद दूर कुठेतरी मोठमोठ्या यंत्रांत असे आणि लोक त्या भरवशावर निर्धास्त होते. मग एका बुधवारी सूर्यावर वादळ झालं. तशी वादळं तिथे होतच असतात, पण याचा तडाखा थेट पृथ्वीला बसला आणि नोंदींची यंत्रं, त्यांच्या नकला, नकलांच्या नकला सगळं पुसलं गेलं. त्याला लोक कोरा बुधवार म्हणू लागले. जमिनीचं निदान बांधावरून, शेजाऱ्यांवरून ठरवता आलं. गाडी मात्र जागच्या जागी राहत नाही, तिला शेजारी नसतो. महिन्याभरात एकेका गाडीला तीन-तीन धनी उभे राहिले, प्रत्येकाकडे चार-चार साक्षीदार, आणि सगळे देवाशपथ सांगणारे. तेव्हा सरकारने ठरवलं की माणसांना विचारायचंच नाही, गाडीलाच विचारायचं.

गाडीला विचारायची युक्ती डॉ. रेहाना शिकलगार यांची. हरकतीचे अर्ज त्या स्वतः तालुक्या-तालुक्याला फिरून ऐकत. आठवड्याभराने ईश्वरी त्यांच्यासमोर बसली, तेव्हा पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या त्या बाईंना बघून तिला जरा धीर आला. मोठा शास्त्रज्ञ म्हणजे कुणीतरी खवट म्हातारा असेल, अशी तिची समजूत होती. बाई मिरजेच्या निघाल्या.

"आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे करायचे," त्या म्हणाल्या. "माझे अब्बा सांगायचे, नवा तंबोरा कच्चा बोलतो. दहा वर्षं रोज त्यावर कुणी गायलं की लाकूड सुरात मुरतं. मला लहानपणी वाटायचं, लाकडाला जर गाणं लक्षात राहतं, तर ते काढून ऐकता का येऊ नये?"

पुढे त्यांनी जे सांगितलं ते असं. विजेवरच्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे टायरचा आणि रस्त्याचाच आवाज डोकं उठवतो. तो शोषून घ्यायला प्रत्येक गाडीच्या छतात एक मऊ पत्रा बसवतात. कारखानदारांनी त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, बाईंनी त्याला म्हटलं मुरपट. त्यात आवाज मुरतो म्हणून मुरपट. हा पत्रा लांब लांब साखळ्यांसारख्या कणांचा असतो. प्रत्येक आवाजाने त्या साखळ्या अगदी किंचित सरकतात आणि जागच्या जागी राहतात. एकदाच बोललेलं त्यात सापडत नाही. जे शब्द त्याच माणसाने, त्याच जागी बसून हजारदा उच्चारले, त्यांचा मात्र घट्टा पडतो. शिवाय दर उन्हाळ्यात गाडीचं छत तापतं, पत्रा थोडा मऊ होऊन पुन्हा आवळतो, आणि वर्षाची एक रेघ उमटते. त्यामुळे कोणतं बोलणं कुठल्या वर्षातलं तेही कळतं. आटपाडीच्या उन्हाने तर ह्या रेघा चांगल्या ठसठशीत उमटल्या होत्या.

"पन मालकी कशी कळती त्यातनं?" ईश्वरीने विचारलं.

"हाक आणि ओ," बाई म्हणाल्या. "गाडीत माणसं एकमेकांना हाका मारतात. ड्रायव्हर मालकाला मालक म्हणतो, नाहीतर शेठ म्हणतो, साहेब म्हणतो. ज्या आवाजाने त्या हाकेला ओ दिली, तो मालक. कागद खोटा करता येतो, साक्षीदार फोडता येतो. पण दहा वर्षं रोज खोटी हाक आणि खोटी ओ कोण देत बसणार? पुण्या-मुंबईच्या दोन लाख गाड्यांवर आम्ही हे तपासलं. शंभरात एकसुद्धा चूक नव्हती."

त्यांनी ईश्वरीसमोर तिच्या गाडीचं वाचन ठेवलं. गाडी एकवीस वर्षांची. पहिल्या चौदा वर्षांत 'मालक' ही हाक अकरा हजार तीनशे वेळा. हाक मारणारा आवाज बाईचा, मधल्या खिडकीतून येणारा. ओ देणारा आवाज पुरुषाचा, चालकाच्या जागेवरून. शेवटच्या सात वर्षांत केबिनमध्ये बोलणं जवळजवळ नाहीच. ईश्वरी हे नाव एकवीस वर्षांत घट्टा पडण्याइतकं कधीच उच्चारलं गेलेलं नाही.

ईश्वरीने ते दोनदा वाचलं. तिला आधी हसू आलं आणि मग आपल्याच आवाजाची चीड आली. कुणी बाहेरच्याने येऊन गाडी लाटली असती तर ती त्याच्या अंगावर धावून गेली असती. इथे तिच्याविरुद्ध साक्ष देणारी तीच होती.

खरी हकिगत तिने बाईंना सांगितली. आई गेल्यावर आईची मेंढरं तिच्या वाट्याला आली. ती विकून तिने ही गाडी घेतली, लग्नाच्या आधी महिनाभर. ज्या व्यापाऱ्याकडून घेतली त्याचं दुकान उठलं, आणि त्याच्या नोंदी कोऱ्या बुधवारी गेल्या. लग्न झाल्यावर गाडी चालवायचं काम आपसूक नवऱ्याकडे गेलं आणि चक्कीचं तिच्याकडे राहिलं. तो पुढे, ती मागे पिठात. चौदा वर्षांनी तो विजापूरकडच्या एका बाईबरोबर संसार करायला निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. गाडीची किल्ली खुंटीला अडकवून गेला. ती चाळिशीच्या उंबऱ्यावर गाडी शिकली.

डॉ. शिकलगारांनी समोरचं वाचन पुन्हा स्वतःकडे ओढलं. मग म्हणाल्या, "माझी दादीसुद्धा दादाजींना मालकच म्हणायची. मला ठाऊक होतं हे. पण हाकांच्या शब्दांची यादी करताना माझ्या डोक्यात गाड्या होत्या, घरं नव्हती. वाटलं, आता असं कोण म्हणतं."

"आमी म्हनतो की," ईश्वरी म्हणाली.

चूक बाईंची होती आणि ती त्यांनी कबूल केली, पण तेवढ्याने कायदा बदलत नव्हता. शब्दांच्या यादीत फेरफार करायचा तर राज्यभरच्या सगळ्या निकालांना हात लागणार, समिती बसणार, त्याला दोनेक वर्षं जाणार. तोवर मालकीचा दाखला नसलेली गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती. आणि दोन वर्षं गिरणी बंद ठेवून ईश्वरीने खायचं काय, याचं उत्तर कुठल्याच समितीकडे नव्हतं.

केंद्राच्या निरोपावरून तिचा नवरा पुढच्या सोमवारी आला. विराज गळवे आता जाडगेला झाला होता आणि कानशिलावर पांढरा. तो आवारात गाडीपाशी उभा राहिला, बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि थेट खिडकीशी जाऊन म्हणाला की गाडी तिची आहे, माझा काही संबंध नाही. कारकुनाने त्याला समजावलं की माणसाचं म्हणणं पुरावा धरत नाहीत. खरे मालक बऱ्याचदा दमदाटीने नाही म्हणायला लावलेले असतात, असा अनुभव होता. गाडी म्हणते मालक तुम्ही, म्हणजे तुम्ही. हां, दाखला तुमच्या नावे झाला की दुसऱ्या दिवशी तुम्ही ती कुणालाही बक्षीस देऊ शकता. एका पानाचं काम आहे.

विराजला ते पटलं. तो ईश्वरीकडे येऊन म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न हाय. उद्या माझ्या नावावर करत्यात, परवा म्या तुला देतो. नाराज कशाला व्हायाचं?"

त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं आणि त्याच्या मनात पाप नव्हतं, हे तिला दिसत होतं. पण दाखल्यावर जन्मभर काय लिहिलेलं राहणार, तेही दिसत होतं. मूळ मालक विराज गळवे, ईश्वरी गळवे हिला बक्षीस. आईच्या मेंढरांवर घेतलेली गाडी, सोडून गेलेल्या नवऱ्याची मेहेरबानी म्हणून घ्यायची. ती एकेक मेंढरू नावाने ओळखायची. तिने डॉक्टर बाईंना विचारलं, दुसरा काही रस्ता आहे का.

रस्ता होता, फक्त अवघड होता. त्याला जिवंत कसोटी म्हणत. दोघांना गाडीत बसवायचं, गाडी नेहमीच्या रस्त्याने, नेहमीचं काम चालू ठेवून न्यायची. वाटेत तीनदा हाक द्यायची. कधी, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसे, यंत्रच ठरवी. परक्या आवाजाने माणूस सावध होतो, म्हणून हाक मुरपटातलीच काढायची, सगळ्यात जास्त वेळा हाक मारणाऱ्या आवाजाची. ज्याने तिन्ही वेळा ओ दिली, तो मालक, मग जुनं वाचन काहीही असो. मात्र हाक दुसऱ्यासाठी आहे असं हरकतदाराने शब्दाने दाखवलं की हरकत तिथेच संपली.

"हा तिन्ही वेळचा नियम मीच घातला," बाई म्हणाल्या. "एकदा-दोनदा कुणीही पाठ करून ओ देतो. तिसरी खरी असते."

"आन् आवाज?"

"तुमचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. तुम्हीच हाक मारणार आणि तुम्हीच ओ द्यायची. तीस दिवस आहेत तुमच्याकडे."

या तीस दिवसांची हंगामी परवानगी मिळाली. त्या महिन्यात बाजारकऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. ईश्वरीने गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं की मला मावशी म्हणायचं नाही, मालक म्हणायचं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने तर विचारलं, मग आमच्या मालकांना काय म्हणू, मावशी? दिघंचीचा एक म्हातारा मेंढपाळ मात्र मोठ्या इतमामाने फेटा सावरून म्हणायचा, "मालक, आमचं जोंधळं झालं का?" आणि ती ओ देईपर्यंत पुढे बोलायचा नाही.

पहिल्या आठवड्यात हाक आली की तिची मान आपोआप केबिनकडे वळायची. केबिन रिकामी असायची. मग आठवण व्हायची आणि ओ निघायची, पण तोवर उशीर झालेला असे. दुसऱ्या आठवड्यात मान वळायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात खरसुंडीच्या बाजारात दोन टपऱ्यांपलीकडे कुणीतरी बैलाच्या मालकाला हाक मारली, आणि चक्कीवरून ईश्वरीने ठणठणीत "ओ" दिली. सगळा बाजार हसला. तीही हसली, आणि त्या दिवशी घरी जाताना तिला पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकणार. गाडी चालवताना ती एकटीच मोठ्याने ओ, ओ म्हणत गेली. गाणं म्हणावं तसं म्हणत गेली.

कसोटीच्या सकाळी विराज वेळेच्या आधीच येऊन चहाच्या टपरीवर बसला होता. ती आली तेव्हा उठून म्हणाला, "म्या तोंड उघडत न्हाई. तू बिनघोर बस." ती त्याला बरं म्हणाली. मनातून तिला त्याचे उपकार नकोच होते, पण हे उपकार नव्हते. तिचंच तिला मिळू देत होता, एवढंच.

चालकाच्या जागी ईश्वरी बसली, शेजारी विराज. डॉक्टर बाई मागे चक्कीपाशी स्टुलावर, यंत्र मांडीवर घेऊन. दळण म्हणून पायलीभर बाजरी टाकली होती, कारण नेहमीचं काम चालू पाहिजे असा नियम. गाडी निंबवड्याच्या रस्त्याला लागली. चक्कीची घरघर, पिठाचा ऊनऊन वास, दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा. विराज खिडकीबाहेर बघत होता. या जागेवर तो कधीच बसला नव्हता आणि पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

पहिली हाक ओढ्याच्या पुलावर आली. "मालक!" कोवळा, खणखणीत आवाज. लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला असावा. आपण असं बोलायचो, याचंच ईश्वरीला नवल वाटलं. पण महिन्याची मेहनत कामी आली. ती म्हणाली, "ओ."

मागे डॉक्टर बाईंनी मधल्या खिडकीच्या काचेवर टिचकी मारली. नोंद झाली, अशी ती खूण. विराजने हसून मान हलवली.

दुसरी हाक यायला वीस मिनिटं लागली. मधे एक मेंढरांचा कळप आडवा आला, तिने गाडी थांबवली, शेवटचं कोकरू रस्ता ओलांडेपर्यंत वाट बघितली. गाडी पुन्हा हलते न हलते तोच खिडकीतून "मालक" आलं. घाईतली हाक होती, काहीतरी सांडत असताना मारलेली. "ओ," ईश्वरी म्हणाली. टिचकी वाजली.

आता एकच उरली. ईश्वरी स्वतःशी म्हणत होती, मालक म्हणजे मी, मालक म्हणजे मी. रस्ता चढाला लागला. चक्कीत दाणा संपत आला की आवाज बदलतो, तसा तो बदलला, आणि तिचं अर्धं लक्ष तिकडे गेलं.

एक गोष्ट डॉक्टर बाईंनी तिला सांगितली नव्हती. लपवली नव्हती, महत्त्वाची वाटली नव्हती. अकरा हजार तीनशे हाकांपैकी चार हजारांना ओ मिळालेली होती. मालकी ठरायला तेवढ्या पुष्कळ होत्या. उरलेल्या सात हजारांना मुरपटात काहीच उत्तर नव्हतं. तो गाडी चालवण्यात गुंग असेल, फोनवर असेल, किंवा ऐकूनही गप्प असेल. यंत्र हाक निवडताना हा फरक करत नसे. त्याच्या लेखी सगळ्या हाका सारख्याच.

"मालक."

हा आवाज वेगळा होता. वय तेच, पण मोठ्याने नाही, खालच्या पट्टीतला, आधी दोन-तीनदा मारून झालेल्या हाकेसारखा. विराज बाहेर बघत गप्प राहिला. कबूल केलं होतं तसा अगदी निश्चल. ईश्वरीला ते चक्कीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं आणि कळलं नाही. नियमाप्रमाणे यंत्र उत्तर मिळेपर्यंत हाक पुन्हा देई.

"मालक."

मागे डॉक्टर बाई काचेकडे सरकल्या. आपल्याच नियमाविरुद्ध जाऊन काचेवर हात मारावा, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला.

"मालक..."

ईश्वरीने शेजारी बघितलं. तोच चेहरा, तसाच बाहेर वळलेला. असं त्याच्याकडे तिने खिडकीतून किती वेळा बघितलं असेल, त्याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. तिला ना कसोटी आठवली, ना दाखला. मागे पिठात उभी असलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची ती पोरगी तेवढी दिसली, आणि तिची कणव आली.

"अवो," ती विराजला म्हणाली, "ती कवाधरनं हाक मारतीया. ओ द्या की."

विराज दचकला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या खिडकीकडे. गाडी कुणाची होणार, हे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.

"ओ," तो खिडकीकडे वळून म्हणाला. "काय गं?"

यंत्रावरचा दिवा विझला. हरकत संपली होती. ईश्वरीने गाडी चढावरच कडेला घेऊन थांबवली, चक्की बंद केली, आणि ती पोरगी पुढे काय बोलते ते ऐकायला कान दिला. पण मुरपटातून काढलेली ती नुसती हाक होती, तिच्यापुढे काही नव्हतं. एवढ्या हाका मारून तेव्हा तिला सांगायचं काय होतं, ते आता ईश्वरीलाही आठवेना.